‘मेडिकलमध्ये काही निघालं नाही’ म्हणजे नेमकं काय?

२० ऑगस्ट २०२४ ला बदलापूरकर रेल्वे रुळांवर उतरले. त्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या जिन्यात दुसरा विषयच नव्हता. शाळेतल्या दोन चिमुरड्यांवर लैंगिक अत्याचार झाल्याची तक्रार, ती घ्यायला उशीर झाल्याचा आरोप, संतापलेले पालक. तळमजल्यावरचे एक काका, एरवी अगदी मोजकं बोलणारे, ठामपणे म्हणाले, “मेडिकल होऊ दे. काय ते निघेल. एकदाचा सोक्षमोक्ष लागेल.”

काकांचा हेतू चांगला होता, पण समज चुकीची. ती फक्त त्यांचीच आहे असंही नाही. तपास करणारे हवालदार, वकील, काही डॉक्टर, सगळ्यांच्या डोक्यात हेच असतं, की मेडिकल म्हणजे रक्ताच्या तपासणीसारखं काहीतरी: पॉझिटिव्ह आलं तर घडलं, निगेटिव्ह आलं तर नाही. मग एखाद्या मुलीच्या अहवालात जखम नाही असं आलं, की गावभर होतं, “मेडिकलमध्ये काही निघालं नाही म्हणे.” म्हणजे पोरगी खोटी, आई भांडकुदळ, आणि ज्याच्यावर आरोप तो बिचारा.

म्हणून आधी हे बघू, की ‘निघणं’ अपेक्षित तरी असतं का.

‘मेडिकल’मध्ये करतात काय?

डॉक्टर एकाच वेळी दोन कामं करतात. पहिलं उपचाराचं आणि दुसरं पुराव्याचं. दोन्ही मिळून जे होतं त्याला मेडिको-लीगल तपासणी म्हणतात. बोलताना आपण नुसतं ‘मेडिकल’ म्हणतो, मीही पुढे तेच म्हणेन.

या दोन कामांचा क्रम महत्त्वाचा आहे. मूल घाबरलेलं असतं, त्याला कुठे दुखतंय, संसर्गाचा धोका आहे का, मुलगी वयात आलेली असेल तर गर्भधारणेची शक्यता आहे का, हे आधी. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, आणि जितकी लवकर तितकी बरी. पुरावा यानंतर. शरीरावरचे नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेतात. खरं तर तीन दिवसांनंतर काही मिळण्याची शक्यता फार कमी होते, पण नेमके किती तास झाले हे घरच्यांना सांगता येत नाही, म्हणून चौथा दिवस धरलेला आहे.

पुराव्याची पेटी मी एकदा जवळून पाहिली. एका उपजिल्हा रुग्णालयात माझी मैत्रीण स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, तिने टेबलावर पेटी उघडून दाखवली. मला वाटलं होतं काहीतरी अत्याधुनिक असेल. आत निघाले कापसाच्या बोळ्याच्या काड्या, काचेच्या पट्ट्या, नखं कापायची कात्री, एक कंगवा, कागदी पाकिटांची चळत, लेबलं, आणि लाखेची लाल कांडी. मी विचारलं, “प्लास्टिकच्या पिशव्या का नाहीत?” ती म्हणाली, “ओला डबा बंद करून ठेवला की काय होतं? बुरशी. तसंच.” म्हणून नमुना आधी सावलीत वाळवायचा, मग कागदात. घरीही हेच लक्षात ठेवा: अशी शंका आली तर मुलाला लगेच आंघोळ घालू नका, कपडे धुवू नका, कागदी पिशवीत घालून दवाखान्यात न्या. आणि आंघोळ घातली गेली असेल तर त्यासाठी स्वतःला कोसत घरी बसू नका. तरीही न्या.

लाख कशाला? सोनेतारण करताना बँकेत दागिन्यांची पुडी आपल्यासमोर सील होते, सह्या होतात, आणि परत मिळते तेव्हा सील जसंच्या तसं आहे का ते आपण पाहतो. नमुन्याचंही तसंच. डॉक्टरने सील केला, पोलिसाने सही करून घेतला, प्रयोगशाळेत नोंद झाली, अशी हातोहात साखळी कागदावर दिसली पाहिजे. मधली एक कडी हरवली तर आरोपीचा वकील एवढंच विचारतो, “हे पाकीट चार दिवस होतं कुठे?” कित्येकदा या एका प्रश्नाला उत्तर नसतं.

मग जखम का सापडत नाही?

जेवताना कधी जीभ दाताखाली आली असेल. रक्त येतं, डोळ्यांत पाणी येतं, आणि तिसऱ्या दिवशी आरशात बघितलं तर कुठे लागलं होतं ते सापडत नाही. याउलट सायकलवरून पडून फुटलेला गुडघा पंधरा दिवस खपली वागवतो आणि डाग वर्षभर ठेवतो. शरीराच्या आतली ओलसर, रक्तपुरवठा भरपूर असलेली त्वचा झपाट्याने भरून येते, व्रण न ठेवता. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारात इजा झालीच तर ती बहुधा याच प्रकारच्या त्वचेला होते. आणि मूल बोलतं कधी? क्वचितच त्याच दिवशी. आठवड्यांनी, महिन्यांनी, कधी मोठं झाल्यावर.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं, पण आपण ते विसरतो. बऱ्याच अत्याचारांत इजा होतच नाही. नकोसा स्पर्श, करायला लावलेला स्पर्श, दाखवणं, फोटो काढणं. हे करणारा बहुतेक वेळा घरचा किंवा ओळखीचा असतो. त्याला मुलाने ओरडायला नको असतं, म्हणून तो चॉकलेट देतो, गुपित म्हणतो. मारहाणीचे वळ शोधणाऱ्याला तिथे काही दिसणार नाही.

याचे आकडेही आहेत. अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये अत्याचाराच्या संशयावरून तपासलेल्या २,३८४ मुलांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात ९६ टक्क्यांहून जास्त मुलांची शारीरिक तपासणी नॉर्मल होती. त्याहून बोलका अभ्यास २००४ चा. गरोदर असलेल्या ३६ किशोरवयीन मुली तपासल्या. संबंध आला होता यात शंकेला जागाच नव्हती. तरी शरीरसंबंधाची निश्चित खूण फक्त दोघींमध्ये मिळाली. या क्षेत्रातल्या डॉक्टरांमध्ये १९९४ पासून एक वाक्य प्रचलित आहे, त्याचा मराठीत अर्थ एवढाच: नॉर्मल असणं हेच नॉर्मल.

इथे ‘पडदा’ या शब्दाचा हिशेब चुकता करायला हवा. मराठीत आपण योनिपटलाला पडदा म्हणतो, आणि पडदा म्हटलं की डोळ्यांसमोर ताणून बसवलेलं, एकदा फाटलं की संपलं असं काहीतरी येतं, ढोलकीच्या पुडीसारखं. प्रत्यक्षात ती कडेने असलेली एक लवचीक झालर असते, तिचा आकार प्रत्येकीचा वेगळा, आणि वयात येताना ती अधिकच ताणण्यासारखी होते. केसांना लावायच्या रबराकडे बघून ते किती वेळा ताणलं गेलंय हे जसं सांगता येत नाही, तसंच हेही. तरीसुद्धा ‘पडदा शाबूत’ असे शब्द आपल्याकडे वर्षानुवर्षं अहवालात पडत राहिले आणि कोर्टात वाचले गेले.

हे शास्त्र आलं कुठून?

मुलांना घरातच इजा होते हे वैद्यकशास्त्राने फार उशिरा मान्य केलं. पॅरिसच्या आंब्रवाझ तार्द्यू या डॉक्टरने १८६० मध्ये आईबापांकडून किंवा मालकांकडून छळल्या गेलेल्या मुलांची वर्णनं छापली. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९४६ मध्ये जॉन कॅफी या अमेरिकन क्ष-किरणतज्ज्ञाला काही तान्ह्या बाळांच्या मेंदूभोवती रक्तस्राव आणि सोबत हातापायांची हाडं मोडलेली दिसली, आणि कुणीच अपघात झाल्याचं सांगत नव्हतं. शेवटी १९६२ मध्ये हेन्री केंप आणि सहकाऱ्यांनी या मुलांच्या अवस्थेला नाव दिलं, आणि ‘आईबाप असं करूच शकत नाहीत’ म्हणायची सोय संपली.

मारहाणीच्या बाबतीत शरीर बरंच बोलतं. जे बाळ अजून रांगतही नाही, त्याच्या अंगावर काळंनिळं दिसलं तर डॉक्टरने थबकायलाच हवं. धडपडणाऱ्या मुलाचं नडगीवर, गुडघ्यावर, कपाळावर लागतं; कान, मान आणि पोट या पडून लागायच्या जागा नव्हेत. मात्र वळाच्या रंगावरून ‘हा तीन दिवसांपूर्वीचा’ असं सांगणारा डॉक्टर दिसला तर सावध राहा. रंगावरून वय काढणं भरवशाचं नाही, हे आता पक्कं झालंय.

लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत शास्त्राने एकदा उलट्या दिशेनेही ठेच खाल्ली. १९८७ मध्ये इंग्लंडमधल्या क्लीव्हलंड भागात काही महिन्यांत १२१ मुलांवर अत्याचार झाल्याचं निदान दोन बालरोगतज्ज्ञांनी केलं, आणि त्यात एका शारीरिक खुणेवर बराच भर होता. मुलं आईबापांपासून काढून घेतली गेली. गदारोळ झाला, चौकशी बसली, बहुतेक मुलं घरी परतली. सगळीच निदानं चूक होती असं नाही, पण एका खुणेवर एवढा डोलारा उभा करता येत नाही हे तिथे कळलं. १९८८ च्या चौकशी अहवालाने एक गोष्ट बजावली: मूल ही व्यक्ती आहे, काळजी करायची वस्तू नव्हे. वारंवार तपासण्या आणि वारंवार प्रश्न यांवर त्यात सडकून टीका होती.

जखम नाही म्हणून ‘खोटं’ म्हणायचं नाही, आणि एक खूण दिसली म्हणून ‘खरं’ही म्हणायचं नाही. या चिंचोळ्या वाटेवरून चालायचं तर प्रशिक्षण लागतं, फोटो काढून ठेवावे लागतात, आणि ते दुसऱ्या जाणकार डॉक्टरला दाखवावे लागतात, म्हणजे मुलाला पुन्हा टेबलावर झोपवावं लागत नाही.

आपल्याकडे सेवाग्रामपासून

आपल्या भागात याची सुरुवात कायद्याने गोव्यात झाली. पर्यटनाच्या आडून चालणारं मुलांचं शोषण उघडकीला आल्यावर गोव्याने २००३ मध्ये स्वतःचा बाल कायदा केला, वेगळ्या बाल न्यायालयासकट. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा केंद्राचा कायदा, म्हणजे पॉक्सो, यायला आणखी नऊ वर्षं होती.

तपासणीच्या दर्जाचा प्रश्न मात्र वर्ध्याजवळच्या सेवाग्रामहून पेटला. तिथल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले न्यायवैद्यक विभागाचे डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी लैंगिक अत्याचाराच्या तपासण्या कशा होतात याचा अभ्यास केला आणि २०१० मध्ये अहवालात परिस्थिती भीषण असल्याचं लिहिलं. प्रकरण जनहित याचिकेच्या वाटेने उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेलं. इकडे मुंबईत ‘सेहत’ ही संस्था महापालिकेबरोबर २००८ पासून तीन रुग्णालयांत वेगळी पद्धत वापरून बघत होती: आधी उपचार आणि आधार, मग पुरावा, आणि बाईच्या चारित्र्यावर शेरे नाहीत.

२०१२ मध्ये पॉक्सो आला, त्याच डिसेंबरात दिल्लीचं निर्भया प्रकरण घडलं, आणि सगळ्याला वेग आला. मार्च २०१४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तपासणीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात स्पष्ट लिहिलंय की तपासणी नॉर्मल असली तर त्याने अत्याचार सिद्धही होत नाही आणि खोटाही ठरत नाही. बलात्कार झाला की नाही, हा शेरा डॉक्टरने मारायचाच नाही. तो कोर्टाचा विषय. बाईला संबंधांची सवय आहे का हे ठरवायला करत ती दोन बोटांची कुप्रसिद्ध चाचणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये प्रतिष्ठेचा भंग ठरवली. तरी चालूच राहिली, म्हणून ३१ ऑक्टोबर २०२२ ला न्यायालयाला सांगावं लागलं की ती करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. नऊ वर्षांत दोनदा सांगावं लागलं.

पालकांच्या हातात काय आहे?

इथे मी मुद्दाम थोडा सविस्तर लिहितो, कारण रात्री अकराला अपघात विभागाच्या दारात उभं राहिल्यावर हे शोधायला वेळ नसतो.

‘आधी पोलिसांचं पत्र आणा’ असं कोणताही दवाखाना म्हणू शकत नाही. एफआयआर झालेला नसला तरी तपासणी आणि तातडीचा उपचार व्हायलाच हवा. उपचार मोफत, आणि ही सक्ती खाजगी रुग्णालयालाही आहे. नाकारणं गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलगी असेल तर तपासणी महिला डॉक्टरनेच करायची. आई, मावशी, शिक्षिका, ज्या कुणावर मुलाचा विश्वास आहे ती व्यक्ती तपासणीच्या वेळी सोबत राहू शकते. तसं कुणी नसेल तर रुग्णालयाच्या प्रमुखाने एका महिलेला नेमायचं.

संमती घ्यावीच लागते. बारा वर्षांखालच्या मुलासाठी पालकांची, त्यापुढे मुलाची स्वतःची. तपासणीतला एखादा भाग नको म्हणता येतो आणि त्यामुळे उपचार थांबवता येत नाहीत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यानुसार डॉक्टरने सात दिवसांत अहवाल तपास अधिकाऱ्याकडे पाठवायचा आहे. प्रयोगशाळेचा अहवाल, ज्याला पोलिसांत सगळे ‘सीए रिपोर्ट’ म्हणतात, तो वेगळा आणि त्याची वाट बघावी लागते. पहिलं पाऊल कुठे टाकायचं हेच सुचत नसेल तर १०९८ वर फोन करा.

आणि हे सगळं मुलग्यांनाही लागू आहे. केंद्र सरकारने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगणाऱ्यांत मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते. ‘मुलगाच आहे, त्याला काय होतंय’ म्हणणाऱ्या घरांतून तो दवाखान्यापर्यंत पोचतच नाही.

अंगावर काही सापडत नसेल तर तपासणीचा उपयोग काय?

हा प्रश्न रास्त आहे. माझ्या डॉक्टर मैत्रिणीने त्याचं उत्तर नमुना अर्ज उलटून दाखवलं. निम्मी पानं शरीराच्या चित्रांची, पण तिने बोट ठेवलं ते ‘इतिहास’ या रकान्यावर. मूल काय म्हणालं, ते त्याच्याच शब्दांत लिहायचं. चार वर्षांची मुलगी ‘शूच्या जागी दुखतं’ म्हणाली तर अवतरण चिन्हांत ‘शूच्या जागी दुखतं’. “तिथे मी ‘गुप्तांगात वेदना’ लिहिलं,” ती म्हणाली, “तर वाचणाऱ्याला वाटणार हे कुणीतरी शिकवलंय. चार वर्षांचं पोर असं बोलेल का?” मुलाची साक्ष विश्वासार्ह वाटली तर तिच्याच आधारे शिक्षा होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलंय. अशा वेळी पहिल्या दिवशी डॉक्टरने टिपलेले ते तीन शब्द कापसाच्या दहा बोळ्यांपेक्षा वजनदार ठरू शकतात.

शारीरिक खुणेचा हट्ट कुठवर जातो हे नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या खंडपीठाने कपड्यावरून केलेला स्पर्श म्हणजे पॉक्सोतला लैंगिक हल्ला नव्हे असा निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी नोव्हेंबरात रद्द केला आणि हेतू बघा असं सांगितलं. अशा स्पर्शाची खूण कोणत्या मेडिकलमध्ये निघणार होती?

आणि खोट्या तक्रारी?

असतात. घटस्फोटाच्या भांडणात, जमिनीच्या वादात मुलाला पुढे केल्याची उदाहरणं वकील सांगतात. पण नॉर्मल तपासणी जशी खरी तक्रार खोटी पाडू शकत नाही, तशीच ती खोटी तक्रार उघडीही पाडत नाही. त्यासाठी मुलाशी नीट, एकदाच, उत्तर तोंडात न घालता बोलावं लागतं. ‘काकांनी हात लावला ना?’ हा उत्तर तोंडात घालणारा प्रश्न. ‘काय झालं ते सांग’ हा नव्हे. निर्दोष माणसालाही खरं संरक्षण याच कौशल्यातून मिळतं.

पोलिसांत जायचं नसेल तर?

इथे कायदा कडक आहे आणि मला तो पूर्णपणे सोपा वाटत नाही. अत्याचाराची माहिती असलेल्या कुणीही, डॉक्टर धरून, पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे काही घरं दवाखान्यात यायलाच घाबरतात. सतरा वर्षांची मुलगी प्रेमसंबंधातून गरोदर राहिली तर तीही येत नाही आणि नको त्या ठिकाणी जाते. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक फट ठेवली: सहमतीच्या संबंधातून गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीची ओळख तिने आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने कळवण्याची गरज नाही. हे किती डॉक्टरांना माहीत आहे, देव जाणे.

तीच गोष्ट किती वेळा सांगायची?

मोजून बघा. मूल आधी आईला सांगतं. मग आई बाबांना सांगायला लावते. मग शाळेत बाईंना, पोलीस ठाण्यात महिला अधिकाऱ्याला, दवाखान्यात डॉक्टरला, बाल कल्याण समितीपुढे, दंडाधिकाऱ्यासमोर, आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी कोर्टात. आठ वेळा. प्रत्येक वेळी नवा चेहरा, नवी खोली, आणि प्रत्येक वेळी एखादा शब्द बदलला की विसंगती. साधा विम्याचा क्लेम करताना तीच माहिती चौथ्यांदा विचारली की आपला पारा चढतो.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात १९८५ मध्ये, आणि मग १९९८ मध्ये आइसलँडमध्ये, यावर उपाय निघाला: पोलीस, डॉक्टर, समुपदेशक आणि सरकारी वकील यांनीच मुलाकडे जायचं, मुलाने त्यांच्याकडे नाही. दवाखान्यासारखं न दिसणारं एक घर. प्रशिक्षित व्यक्ती मुलाशी एकदा बोलते, बाकीचे दुसऱ्या खोलीतून बघतात, चित्रीकरण होतं. तपासणीची खोली त्याच घरात. आइसलँडचा हा नमुना पुढे युरोपात पसरला.

आपल्याकडे त्या जवळपास जाणारी गोष्ट म्हणजे २०१५ पासूनची ‘सखी’ वन स्टॉप केंद्रं. कल्पना एकाच छपराची, पण रचना मुख्यतः मोठ्या बायकांसाठी. पॉक्सोच्या नियमांत मुलासोबत शेवटपर्यंत राहणारी सहाय्यक व्यक्ती बाल कल्याण समितीने द्यावी असं आहे. कुठे मिळते, कुठे पालकांना ती मागता येते हेच ठाऊक नसतं.

मैत्रिणीच्या रुग्णालयापासून थोड्या अंतरावर असं एक केंद्र आहे. मी दुपारी अडीचला गेलो तेव्हा पाटी चकाचक होती आणि दाराला कुलूप. किल्ली सिस्टरकडे, सिस्टर जेवायला. मैत्रीण हसली नाही. तिच्याकडे येणारी मुलं ती लेबर रूमला लागून असलेल्या खोलीत तपासते, पलीकडून कळा देणाऱ्या बायकांचे आवाज येत असताना. टेबल उंच आहे, म्हणून तिने घरून एक पाट आणून ठेवलाय. पेटी कपाटात परत ठेवताना लाखेच्या कांडीशेजारी मला रंगीत खडूंचा एक डबा दिसला, अर्धे खडू तुटलेले.

“हा यादीत नाही,” ती म्हणाली. “दर महिन्याला मीच आणते.”